४१ वर्षं एकाच कायद्याशी भांडलेला खासदार, ज्याच्यामुळे अमेरिकेतली ताई भावाला बोलावू शकते

अमेरिकेत सेटल झालेल्या ताईनं पुण्यातल्या भावासाठी ग्रीन कार्डची फाईल टाकली, यात आता काही नवीन राहिलेलं नाही. नवीन माणसाला धक्का बसतो तो पुढचं ऐकून. फाईल टाकली तेव्हा भावाचा मुलगा बालवाडीत होता आणि नंबर जवळ आला तेव्हा तो इंजिनिअर होऊन नोकरीला लागलेला होता.

यात अतिशयोक्ती अजिबात नाही. अमेरिकन नागरिकाच्या भावंडांसाठी जी कॅटेगरी आहे, तिला एफ-फोर म्हणतात. गेल्या काही वर्षांत भारतात जन्मलेल्या भावंडांपैकी ज्यांचे नंबर लागतायत, त्यांच्या फाईली २००५-०६ च्या आसपास टाकलेल्या आहेत. म्हणजे मनमोहन सिंग यांची पहिली टर्म चालू होती, तेव्हाच्या.

मग प्रश्न पडतो की ही रांग लावली कुणी? आणि मुळात परदेशी माणसाला आपल्या भावाला बोलावता येईल, हा नियम अमेरिकेसारख्या देशानं केलाच कसा?

याचं उत्तर शोधायला गेलं की एक नाव पुढं येतं, इमॅन्युएल सेलर. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनचा खासदार. हा माणूस जवळपास ५० वर्षं एकाच भागातून निवडून येत होता, आणि त्यातली ४१ वर्षं तो एका कायद्याच्या मागे हात धुवून लागला होता. शेवटी त्यानं तो कायदा पाडला. पण त्याच्या जागी जे उभं राहिलं, ते त्यालाही नीट दिसलं नव्हतं.

तर गोष्ट सुरू होते ब्रुकलिनमधून.

६ मे १८८८ ला सेलर यांचा जन्म झाला. आजी-आजोबा जर्मनीतून आलेले स्थलांतरित. त्या काळात युरोपातून अमेरिकेत यायला ना व्हिसा लागायचा, ना कोटा होता. जहाजाचं तिकीट काढायचं, बंदरावर उतरायचं, तब्येत वगैरे तपासून घ्यायची आणि कामाला लागायचं. सेलर यांचे वडील दारूच्या धंद्यात होते. तो धंदा बुडाला आणि वडील घरोघरी वाईन विकायला लागले. पोरगा कोलंबिया कॉलेजात शिकत असताना वडील वारले. मग सकाळी लेक्चर आणि दुपारनंतर वडिलांच्याच गिऱ्हाइकांकडे वाईन पोहोचवायची, असा सेलर यांचा दिनक्रम झाला. असं करत त्यांनी १९१० मध्ये डिग्री घेतली आणि १९१२ मध्ये वकिलीची परीक्षा काढली.

ब्रुकलिन तेव्हा कसं होतं? गल्लीगल्लीत वेगळी भाषा. इथं इटालियन, तिकडं पोलिश, पलीकडच्या बोळात रशियातून पळून आलेले ज्यू. सगळ्यांचं अर्धं घर अमेरिकेत आणि अर्धं घर मागे राहिलेलं. सेलर वकील म्हणून आणि नंतर खासदार म्हणून याच लोकांमध्ये वावरले. १९२२ ला ते डेमोक्रॅटिक पक्षाकडून हाऊसमध्ये निवडून आले. हाऊस म्हणजे आपल्याकडच्या लोकसभेसारखं सभागृह समजा.

मार्च १९२३ मध्ये त्यांची टर्म सुरू झाली, आणि वर्षभरात त्यांच्यासमोर एक विधेयक येऊन पडलं.

१९२४ चा जॉन्सन-रीड कायदा.

हा कायदा समजून घेतल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही, म्हणून जरा थांबूया. अमेरिकेत १८९० नंतर दक्षिण आणि पूर्व युरोपातून प्रचंड संख्येनं लोक आले. इटालियन, पोलिश, ग्रीक, ज्यू. आधी येऊन बसलेल्या ब्रिटिश आणि जर्मन वंशाच्या लोकांना हे नको होतं. पण कायद्यात इटालियन नकोत असं थेट कसं लिहिणार? म्हणून त्यांनी गणित केलं. कुठल्याही देशातून दरवर्षी किती लोक घ्यायचे, तर त्या देशात जन्मलेले जितके लोक अमेरिकेत आधीपासून आहेत त्यांच्या २ टक्के. आणि मोजणी कुठल्या वर्षाची धरायची? १९२० ची नाही, १९१० चीही नाही. १८९० ची! म्हणजे इटालियन आणि पोलिश लोकांची मोठी लाट यायच्या आधीची.

गणित बरोबर, हेतू मात्र उघडा.

पुढे १९२९ पासून याची सुधारित आवृत्ती लागू झाली. वर्षाला साधारण दीड लाख जागा. त्यातल्या ६५,७२१ एकट्या ब्रिटन आणि उत्तर आयर्लंडला. इटलीला ५,८०२. ग्रीसला ३०७.

आणि आशियाला? आशियातल्या बहुतेक लोकांना दारच बंद. जो माणूस नागरिक होऊ शकत नाही तो स्थलांतरित म्हणून येऊही शकत नाही, असा नियम होता, आणि आशियाई माणूस नागरिक होऊ शकत नव्हता. भारताच्या नावावर कागदोपत्री १०० चा कोटा होता, पण तो भारतीयांसाठी नव्हताच. भारतात जन्मलेल्या गोऱ्यांसाठी होता.

या विधेयकाला विरोध करणारे खासदार मोजके होते, आणि त्यातही बरेचसे मोठ्या शहरांतले. ३५ वर्षांचे सेलर त्यात होते. सभागृहातलं त्यांचं पहिलं मोठं भाषण याच विधेयकाच्या विरोधात झालं. माणसाची किंमत तो कुठं जन्मला यावरून ठरवू नये, हा त्यांचा मुद्दा. भाषण झालं, मतदान झालं, विधेयक प्रचंड बहुमतानं पास झालं. नवख्या खासदाराचं ऐकतंय कोण.

पण इथून सेलर यांनी जो धोशा लावला, तो चार दशकं सोडला नाही.

या कायद्यात कुटुंबाचं काय होतं, हे बघण्यासारखं आहे. अमेरिकन नागरिक असलेल्या पुरुषाला आपली बायको आणि १८ वर्षांखालची मुलं कोट्याबाहेर आणता येत होती. नागरिक असलेल्या बाईला मात्र आपला नवरा तसा आणता येत नव्हता, तो कोट्यात. आईवडील, तेही कोट्यात. भाऊ-बहिणींना तर काहीच प्राधान्य नाही. म्हणजे इटलीतल्या माणसाला भाऊ बोलवायचा असेल, तर तो भाऊ त्या ५,८०२ मध्ये नशीब आजमावणार.

या नियमांचा खरा अर्थ १९३० च्या दशकात कळला.

जर्मनीत हिटलर आला. ज्यू कुटुंबं बाहेर पडायला धडपडू लागली. अमेरिकेत नातेवाईक असलेले लोक वकिलांकडे, खासदारांकडे खेटे घालू लागले. नातेवाइकानं जबाबदारी घेतल्याचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, बँकेचे कागद जोडायचे, आणि नंबरची वाट बघायची. १९३९ च्या मध्यापर्यंत जर्मनीच्या यादीत ३ लाखांहून जास्त अर्ज साचले होते. वर्षाचा कोटा होता २७,३७०. भागाकार करा, ११ वर्षं होतात. त्या लोकांकडे ११ महिनेही नव्हते.

सेलर यांचा मतदारसंघ म्हणजे याच नातेवाइकांचा मतदारसंघ. ते रूझवेल्ट यांच्याच पक्षाचे, तरी निर्वासितांच्या प्रश्नावर त्यांनी सरकारवर उघड टीका केली. व्हिसा द्यायच्या कामात परराष्ट्र खातं मुद्दाम अडथळे आणतंय, हा त्यांचा आरोप होता. युद्धाच्या काळात एक म्हातारे रब्बाय त्यांच्या ऑफिसात आले, लाखो लोक मारले जातायत आणि काहींना तरी वाचवा म्हणून रडले. हा प्रसंग सेलर यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवला. त्यांना काहीच करता आलं नव्हतं. खासदाराच्या शिफारशीनं एखादी फाईल हलत असेल, कोटा हलत नव्हता.

आता भारताकडे येऊ, कारण सेलर यांच्या गोष्टीत भारत मध्येच येतो आणि फार महत्त्वाच्या जागी येतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही हजार पंजाबी माणसं कॅलिफोर्नियात शेती करायला गेली होती. बहुतेक एकटे पुरुष. बायका-मुलं गावाकडे. थोडे पैसे साठले की त्यांना आणू, असा विचार. १९१७ च्या कायद्यानं भारतातून येणंच बंद केलं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की भारतीय माणूस गोरा नाही, त्यामुळे तो नागरिक होऊ शकत नाही. ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं, त्यांच्यातल्या अनेकांचं काढून घेतलं गेलं. नागरिक होऊ न शकणाऱ्याला कॅलिफोर्नियात स्वतःच्या नावावर शेतजमीन घेता येत नव्हती.

झालं काय, तर हे लोक दोन्हीकडून अडकले. परत गेले तर पुन्हा येता येणार नाही. राहिले तर बायको येऊ शकणार नाही. काहींनी वर्षानुवर्षं घर पाहिलं नाही. काहींनी तिकडच्याच मेक्सिकन बायकांशी लग्नं केली, आणि कॅलिफोर्नियाच्या इम्पिरियल व्हॅलीत आई मेक्सिकन, बाप शीख अशी पंजाबी-मेक्सिकन घरं तयार झाली. ऐकायला मजेशीर वाटतं, पण याचं कारण प्रेम जेवढं होतं तेवढाच कायदाही होता.

दुसऱ्या महायुद्धात चित्र पालटलं. चीन दोस्त राष्ट्रांच्या बाजूनं लढत होता, म्हणून १९४३ मध्ये अमेरिकेनं चिनी लोकांवरची बंदी उठवली. मग भारताचं काय? न्यूयॉर्कमध्ये जे. जे. सिंग नावाचे एक शीख व्यापारी होते, इंडिया लीग ऑफ अमेरिका या संस्थेचे अध्यक्ष. त्यांनी वॉशिंग्टनमध्ये खासदारांच्या गाठीभेटींचा सपाटा लावला. त्यांना दोन माणसं मिळाली. एक कनेक्टिकटच्या रिपब्लिकन खासदार क्लेअर बूथ लूस, आणि दुसरे आपले सेलर.

२ जुलै १९४६ ला राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी लूस-सेलर कायद्यावर सही केली. भारतीय आणि फिलिपिनो लोकांना नागरिक होता येऊ लागलं. भारताला वर्षाला १०० जागा मिळाल्या, या वेळी खरोखर भारतीयांसाठी.

वर्षाला १००! म्हणजे एसटीच्या दोन गाड्या भरतील इतके लोक. पण महत्त्व आकड्याचं नव्हतं, नागरिकत्वाचं होतं. नागरिक झालं की जमीन घेता येते, मतदान करता येतं आणि मागे राहिलेल्या कुटुंबाला बोलवायचा कायदेशीर रस्ता खुला होतो. याच कायद्यासाठी धडपडलेला कॅलिफोर्नियातला एक शेतकरी, दलीपसिंग सौंद, १९४९ मध्ये नागरिक झाला आणि १९५६ मध्ये थेट हाऊसवर निवडून आला. अमेरिकन काँग्रेसमध्ये पोहोचलेला तो पहिला आशियाई वंशाचा माणूस. आता तो सेलर यांच्याच सभागृहात बसत होता.

यानंतर सेलर यांचं वजन वाढत गेलं. १९४९ मध्ये ते हाऊसच्या न्याय समितीचे अध्यक्ष झाले, आणि मधली दोन वर्षं सोडली तर १९७३ पर्यंत ती खुर्ची त्यांच्याकडे राहिली. इमिग्रेशनचा प्रत्येक कायदा याच समितीतून जातो. मग त्यांनी १९२४ चा कायदा लगेच का पाडला नाही?

कारण समितीच्या खाली उपसमिती असते, आणि तिथं पेनसिल्व्हेनियाचे फ्रान्सिस वॉल्टर बसले होते. सेलर यांच्याच पक्षाचे, पण कोटा पद्धतीचे कट्टर समर्थक. पक्ष एक, दिशा दोन, हे आपल्याला काही नवीन नाही. १९५२ मध्ये मॅकॅरन-वॉल्टर कायदा आला, त्यातले वॉल्टर हेच. ट्रूमन यांनी या कायद्यावर नकाराधिकार वापरला, तरी काँग्रेसनं दोनतृतीयांश बहुमतानं तो पास केला. सेलर पुन्हा हरले.

१९५२ च्या कायद्यानं आशियाला दार थोडं उघडलं, पण एक विचित्र अट ठेवून. युरोपियन माणूस जिथं जन्मला त्या देशाच्या कोट्यात मोजला जायचा. आशियाई माणूस मात्र रक्तावरून. म्हणजे लंडनमध्ये जन्मलेला भारतीय वंशाचा मुलगा ब्रिटनच्या भल्यामोठ्या कोट्यात नाही, भारताच्या १०० मध्ये. याच कायद्यात पहिल्यांदा प्राधान्याच्या पायऱ्या नीट लिहिल्या गेल्या. अर्ध्या जागा कौशल्य असलेल्यांना, मग नागरिकांचे आईवडील, मग ग्रीन कार्डवाल्यांची बायको-मुलं. भावंडांना काय, तर वर उरलं तर. इटलीसारख्या देशात भावंडांच्या याद्या वाढत गेल्या, आणि ब्रिटनच्या जागा मात्र दरवर्षी रिकाम्या राहायच्या. त्या रिकाम्या जागा दुसऱ्या देशाला देता येत नव्हत्या.

१९६३ मध्ये दोन गोष्टी झाल्या. मे महिन्यात वॉल्टर वारले. जुलैमध्ये केनेडी यांनी कोटा पद्धत रद्द करायचा प्रस्ताव काँग्रेसला पाठवला. हाऊसमध्ये विधेयक मांडलं सेलर यांनी, सिनेटमध्ये मिशिगनच्या फिलिप हार्ट यांनी. नोव्हेंबरमध्ये केनेडींची हत्या झाली. जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी हा विषय पुढे नेला. सेलर तेव्हा एका वेळी किती आघाड्या सांभाळत होते बघा. १९६४ चा नागरी हक्क कायदा हाऊसमधून पार करायचं काम त्यांच्याकडे, १९६५ चा मतदान हक्क कायदा त्यांच्याकडे, आणि वर हे इमिग्रेशन. वय होतं ७७.

आता या कायद्यातला कळीचा वळसा, जो फार कमी लोकांना माहिती असतो.

सरकारचं जे मूळ विधेयक सेलर यांनी मांडलं होतं, त्यात निम्म्या जागा कौशल्याला होत्या, कुटुंब त्यानंतर. वॉल्टर यांच्या जागी उपसमितीवर ओहायोचे मायकल फिघन आले होते. त्यांचं आणि सेलर यांचं अजिबात जमत नव्हतं. फिघन म्हणाले, कोटा काढा, पण कुटुंबाला पहिलं प्राधान्य द्या. दिसायला किती प्रेमळ मागणी! हेतू मात्र वेगळा होता. अमेरिकेत तेव्हा बहुसंख्य लोक युरोपियन वंशाचे. नातेवाईक बोलवायचे तर युरोपियन माणूस युरोपियनच बोलावणार. मग कोट्याचं नाव न घेता कोट्यासारखाच निकाल लागेल, असा हिशोब. कोटा पद्धतीच्या बाजूनं असलेल्या संघटनाही या आशेवर शांत झाल्या.

सेलर यांनी ही तडजोड मान्य केली. कायदा पास होणं त्यांना जास्त महत्त्वाचं होतं. एवढंच नाही, आशिया आणि आफ्रिकेतून फार लोक येणार नाहीत, कारण त्यांचे इथं नातेवाईकच फारसे नाहीत, असं सभागृहाला त्यांनी स्वतः समजावलं. ते हे मतांसाठी बोलले की त्यांना खरंच तसं वाटत होतं, यावर वाद होऊ शकतो. आकडे बघितले तर त्या दिवशी ते चूक नव्हते. १९६० मध्ये भारतात जन्मलेले जेमतेम १२ हजार लोक अमेरिकेत होते.

२५ ऑगस्ट १९६५ ला हाऊसमध्ये मतदान झालं. ३१८ विरुद्ध ९५. पुढच्या महिन्यात सिनेटनं मंजुरी दिली. ३ ऑक्टोबरला जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी जाऊन सही केली. १९२४ ला पहिल्या भाषणात जो कायदा नको म्हणून सेलर उभे राहिले होते, तो ४१ वर्षांनी गेला. कायद्याला नाव पडलं हार्ट-सेलर.

नव्या कायद्यात नागरिकांची बायको किंवा नवरा, लहान मुलं आणि आईवडील यांना मर्यादाच ठेवली नाही. बाकी नातेवाइकांसाठी आणि कामगारांसाठी पूर्व गोलार्धातून, म्हणजे युरोप, आशिया, आफ्रिका मिळून, वर्षाला १ लाख ७० हजार जागा. त्यातल्या ७४ टक्के कुटुंबाला. सगळ्यात मोठा वाटा कुणाचा? भावंडांचा, २४ टक्के. आणि कुठल्याही एका देशाला वर्षाला २० हजारांहून जास्त जागा नाहीत.

हा २० हजारांचा आकडा तेव्हा सगळ्यांना न्याय्य वाटला. ब्रिटनला ६५ हजार आणि भारताला १०० हे जाऊन सगळ्यांना सारखं. लक्झेंबर्गला २० हजार, भारतालाही २० हजार. ज्यांना १०० मिळत होते त्यांना २० हजार म्हणजे लॉटरीच. लहान देश आणि खंडाएवढा देश यांना एकच माप लावल्यावर पुढे काय होईल, याकडे लक्ष द्यायची गरज तेव्हा कुणाला वाटली नाही.

पुढे जे झालं ते फिघन यांच्या हिशोबाच्या बरोबर उलटं. युरोप युद्धातून सावरून श्रीमंत झाला होता, तिथल्या लोकांना आता अमेरिकेची घाई नव्हती. भारतातून मात्र डॉक्टर, इंजिनिअर, शास्त्रज्ञ जाऊ लागले. त्यांच्यासाठी १० टक्के जागांची वेगळी पायरी होती. त्यात मुंबई-पुण्याच्या कॉलेजांतून बाहेर पडलेली मराठी पोरंही होती. पाच वर्षं झाली की ते नागरिक व्हायचे. नागरिक झाले की भावाची फाईल, बहिणीची फाईल. भाऊ त्याच्या बायको-मुलांसह यायचा. मग वहिनी नागरिक झाली की तिच्या भावाची फाईल. फिघन यांनी युरोपियन लोकांसाठी बांधलेला जिना आशियाई लोकांनी चढायला घेतला. १९७० आणि ८० च्या दशकात अमेरिकेत गेलेल्या मराठी घरांची वंशावळ काढली तर असे एकातून एक निघालेले फाटे हमखास दिसतात.

सेलर यांनी याची सुरुवात खासदार असतानाच पाहिली. शेवट पाहायला ते सभागृहात नव्हते.

त्यांचा पराभव कसा झाला, तीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. जन्मावरून भेद नको म्हणून आयुष्यभर भांडलेल्या या माणसाला बायकांच्या समान हक्कांचा मुद्दा कधी पटला नाही. समान हक्कांची घटनादुरुस्ती त्यांनी आपल्या समितीत वर्षानुवर्षं दाबून ठेवली. सुनावणीच घ्यायची नाही, विषय संपला. १९७० मध्ये खासदार मार्था ग्रिफिथ्स यांनी सह्या गोळा करून ती समितीच्या तावडीतून बाहेर काढली. आणि १९७२ मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीत एलिझाबेथ होल्ट्झमन नावाची तरुण वकील बाई त्यांच्यासमोर उभी राहिली. सेलर यांनी तिला हसण्यावारी नेलं, प्रचारही धड केला नाही. तिनं त्यांना सहाशेच्या आसपास मतांनी पाडलं. ८४ वर्षांचा, २५ वेळा निवडून आलेला खासदार घरी बसला. १५ जानेवारी १९८१ ला ब्रुकलिनमध्येच त्यांचं निधन झालं, वय ९२.

त्यांच्यानंतर कायद्यात बरेच बदल झाले. आजची रांग समजायची तर १९९० चा बदल बघावा लागतो. कुटुंबाच्या कॅटेगऱ्यांसाठी वर्षाला किमान २ लाख २६ हजार जागा ठरल्या, त्यातल्या भावंडांना ६५ हजार. आणि एका देशाला एकूण जागांच्या ७ टक्क्यांहून जास्त नाही.

६५ हजार हा आकडा मोठा वाटतो, पण त्यात एक मेख आहे. हे ६५ हजार भाऊ नव्हेत. भावाबरोबर वहिनी आणि २१ वर्षांखालची दोन मुलं आली, तर चार जागा गेल्या. म्हणजे चार जणांचं घर धरलं, तर अख्ख्या जगातून वर्षाला साधारण सोळा हजार कुटुंबं. त्यात मुलानं २१ पूर्ण केली की तो सहसा यादीतून बाहेर. २००२ च्या एका कायद्यानं थोडी सूट दिली, सरकारनं फाईल मंजूर करायला जितका वेळ लावला तितका वेळ वयातून वजा होतो. पण त्यानंतर नंबरची वाट बघण्यात गेलेली १५-१६ वर्षं वजा होत नाहीत. फाईल टाकणारी ताईच मध्ये वारली, तर फाईलही तिच्याबरोबर जाते, काही अपवाद सोडले तर. ग्रीन कार्डवाल्या आईवडिलांनी अविवाहित मुलासाठी अर्ज केला आणि वाट बघताना मुलानं लग्न केलं, तर अर्ज रद्द. त्यामुळे कागदपत्रांसाठी लग्न लांबवणारी माणसंही असतात.

आणि मोजलं जातं ते जन्मानं. पासपोर्ट कुठलाही असो. पुण्यात जन्मून पुढे कॅनडाचा नागरिक झालेला भाऊ भारताच्याच रांगेत. बायको दुसऱ्या देशात जन्मलेली असेल, तर तिच्या देशाच्या रांगेचा फायदा घेता येतो, ही एक पळवाट. कुटुंबाच्या बाकीच्या पायऱ्यांवर भारताची रांग आणि बहुतेक जगाची रांग साधारण सारखीच चालते, फरक पडतो तो भावंडांमध्ये. मेक्सिकोची अवस्था तर आणखी वाईट, तिथल्या भावंडांची तारीख २०००-०१ च्या आसपास अडकलेली.

भावंडांची ही पायरीच काढून टाका, असं अमेरिकेत अनेकदा सुचवलं गेलं. १९९० च्या दशकात बार्बरा जॉर्डन यांच्या आयोगानं सुचवलं, २०१३ च्या सिनेटच्या विधेयकात तसं कलम होतं, २०१७ मध्ये पुन्हा प्रयत्न झाला. एकदाही जमलं नाही. १९९० पासून ६५ हजारांचा आकडाही कुणी वाढवला नाही.

दर महिन्याला अमेरिकेचं परराष्ट्र खातं व्हिसा बुलेटिन काढतं. कुठल्या तारखेपर्यंतच्या फाईली आता घेतल्या जातील, हे त्यात असतं. जगभरातली लाखो घरं ते उघडून आपली तारीख किती सरकली हे बघतात, कधी दोन महिने, कधी एक आठवडा, कधी काहीच नाही. त्या तक्त्यात पहिला कॉलम सगळ्या जगाचा असतो. त्याच्या शेजारी जन्मदेशानुसार वेगळे चार कॉलम असतात. चीन, भारत, मेक्सिको आणि फिलिपिन्स.